मारुती ईको गाडीत झोपून कोकण किनारा: पहिल्यांदा निघणाऱ्या दोघांसाठी

पहिल्या सफरीत आमची पहिलीच रात्र फसली. सुरूच्या बनाशेजारी मोकळी जागा दिसली, समोर समुद्र, आजूबाजूला कुणी नाही. गाडी लावली, पडदे ओढले आणि झोपलो. रात्री एक वाजता काचेवर टकटक झाली. गस्तीवरचे दोन पोलीस. त्यांनी आधार कार्ड पाहिलं, आरसी पाहिली, कुठून आलात ते विचारलं आणि शांतपणे सांगितलं, ‘इथे झोपू नका, गावात जा.’ गावात त्या वेळी एकाच घरात दिवा होता. म्हातारे काका-काकू जागे होते. अंगणात गाडी लावायला देऊन काकू एवढंच म्हणाल्या, ‘दुपारीच विचारायचंत हो. जेवायलाच घातलं असतं.’

तेव्हापासून आमच्या सगळ्या सफरी त्या वाक्यावर चालल्यात. रात्रीची जागा दुपारीच ठरवायची आणि ती कुणाच्या तरी अंगणातली असायला हवी. हॉटेलचे पैसे वाचवण्यासाठी गाडीत झोपायचं, हे खरं. पण वाचलेल्यातला एक वाटा त्या घरात जेवण्यावर खर्च करायचा. कोकणात कमी खर्चात, निर्धास्त आणि पोटभर फिरायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. खाली जे लिहिते आहे ते मी आणि नवरा, आम्ही दोघांनी डोंबिवलीहून केलेल्या प्रवासांवरून.

आधी गाडी

कॅम्परव्हॅन म्हटलं की आतून स्वयंपाकघर, सिंक, शॉवर असलेली मोठी गाडी डोळ्यांसमोर येते. ती विसरा. किनाऱ्यालगतचे रस्ते एका एसटीच्या रुंदीचे आहेत. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मध्ये वळण आणि समोरून लालपरी. तिथे छोटी गाडीच हवी. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, भाड्याने मोठ्या कॅराव्हॅनही मिळतात, पण त्यांचं दिवसाचं भाडं दोघांच्या बेताच्या खिशाला झेपणारं नाही आणि केळशी-आंजर्ल्याच्या गल्लीत त्या वळवणंही कठीण.

आमच्याकडे जुनी मारुती ईको आहे. लांबी साधारण पावणेचार मीटर, रुंदी दीड मीटरच्या आत, सरकते दरवाजे आणि मागे सपाट जागा. सरकता दरवाजा ही अगदी मोठी सोय आहे. अंगणात भिंतीला खेटून गाडी लावली तरी उतरता येतं. तुमच्याकडे दुसरी गाडी असेल तर घाईने ईको घ्यायला धावू नका. मागचा बाक दुमडून आत आडवं पडून बघा. दोघांनी एकाच वेळी पडा, एकाने कूस बदला. तिरकं झोपून पाय पुरत असतील तर गाडी चालेल. भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, म्हणजे स्वतः चालवायला देण्याचा परवाना असलेलीच गाडी घ्या. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेली आणि अपघात झाला, तर विमा हात वर करतो.

ईकोची एक खोड सांगून ठेवते. इंजिन पुढच्या सीटखाली असतं. दिवसभर चालवल्यावर तिथला पत्रा तापलेला राहतो आणि ती ऊब मागेही येते. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर चारी दरवाजे उघडे टाकून अर्धा-पाऊण तास गाडी निववायची आणि मगच बिछाना घालायचा. ती मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, त्यामुळे मागे सामानाचं वजन असलं की चढावर पकड चांगली येते.

पलंग, पडदे, पंखा

गाडीत काहीही कापू नका, जोडकाम करू नका, छत उघडू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. आम्ही सगळं सुटं ठेवलं आहे. आमच्या सुताराने १२ मिलीमीटर प्लायवुडची तीन फळकुटं आणि खाली चार पेट्या करून दिल्या. पेट्यांच्या वर फळ्या ठेवल्या की पलंग, फळ्या काढून मागे उभ्या केल्या की बसायला जागा. पेट्यांमध्ये कपडे, किराणा, भांडी. प्रवास संपला की सगळं दहा मिनिटांत उतरून बाल्कनीत जातं आणि गाडी पुन्हा रोजची होते. फळ्यांना हाताने धरायला गोल भोक पाडून घ्या आणि कडा घासून घ्या, नाहीतर पहिल्याच रात्री कुणाच्या तरी पोटरीला ओरखडा येतो. वर चार इंची फोम. तीन इंचावर भागवायचा मोह आवरा. झोप नीट झाली नाही तर दुसऱ्या दिवशीच्या घाटवळणांवर ती आठवते.

काचांसाठी चंदेरी फोमची शीट कापून प्रत्येक खिडकीच्या मापाचे तुकडे केले. थांबल्यावर लावायचे, निघताना काढायचे. काळ्या फिल्मचा विचारही करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच तिच्यावर बंदी घातली. दोन खिडक्यांना बाहेरून मच्छरदाणीचं कापड लोहचुंबकाच्या पट्ट्यांनी चिकटवतो. काच चार बोटं उघडी राहते, वारा येतो, डास येत नाहीत.

पंखा बॅटरीवर चार्ज होणारा घ्या, दोन घ्या. किनाऱ्यावर खरी अडचण उष्णतेपेक्षा घामट हवेची असते. पंखा बंद पडला की अर्ध्या तासात जाग येते. गाडीच्या मूळ बॅटरीवर रात्रभर काहीही चालवू नका. आम्ही एक मोठी पॉवर बँक ठेवतो आणि गाडी चालू असताना ती भरून घेतो. ज्यांच्या अंगणात थांबतो त्यांच्याकडे रात्री ती चार्जिंगला लावायची विनंतीही कुणी नाकारलेली नाही.

शेगडीबद्दल माझं मत ठाम आहे: गाडीच्या आत कधीच पेटवायची नाही. पाऊस असो, वारा असो. बंद जागेत जळणाऱ्या गॅसमधून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. आम्ही पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी नेतो. ती फक्त सकाळचा चहा, पोहे, कधी मॅगी यासाठी. चूल मांडायची ती बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला. बाकी जेवण घराघरांतलं.

कधी निघायचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. रात्री गाडीत झोपवतं, पहाटे पातळ चादर लागते. मार्चपासून गाडी रात्रीही तापलेली राहते. आंबे खायला मे महिन्यात जायचंच असेल तर जा, पण खोली घेऊन जा. त्या दिवसांत गाडीत झोपणं म्हणजे शिक्षा. पावसाळ्यात या प्रवासाचा विचार सोडा. फेरीबोटी हवामान बघून बंद राहतात, घाटात दरडी येतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असल्याने ताटात ताजी मासळीही क्वचितच.

नाताळ ते १ जानेवारी आणि लागून सुट्ट्या येणारे शनिवार-रविवार टाळा. अलिबाग-मुरुडचा रस्ता तेव्हा गाड्यांनी भरलेला असतो, आणि ज्या अंगणात एरवी आनंदाने जागा मिळते तिथे घरचे लोक पाहुण्यांच्या सरबराईत दमलेले असतात. सोमवारी निघा, शनिवारी घरी या. दोघं नोकरी करत असाल तर पाच दिवसांची रजा यासाठी सत्कारणी लागते.

रस्ता: पहिल्यांदा अर्धाच करा

रेवसपासून रेडीपर्यंत जाणारा सागरी महामार्ग नकाशावर एक सलग रेघ दिसतो. प्रत्यक्षात तो खाड्यांनी तुटलेला आहे. काही ठिकाणी पूल झालेत, काही होऊ घातलेत, आणि उरलेल्या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. स्थानिक लोक या बोटीला जंगलजेटी म्हणतात; वाट विचारताना हाच शब्द वापरा. ट्रक, रिक्षा, दुचाकी, कोळणींच्या टोपल्या आणि तुमची ईको, सगळे एकाच पत्र्यावर.

पहिल्या खेपेला अलिबाग ते गुहागर एवढंच करा आणि चिपळूणवरून महामार्गाने परत या. सहा दिवस पुरतात. रेडी-तेरेखोलपर्यंत सगळा किनारा करायचा तर बारा-तेरा दिवस लागतात, आणि नवख्या जोडप्याने एवढे दिवस सलग गाडीत काढू नयेत. आठवडा उलटला की अंग आंबतं, कपडे मिठाने चिकट होतात आणि क्षुल्लक गोष्टीवरून तोंडं फिरतात. आमची फिरली होती. सहा दिवसांत तेवढी वेळ येत नाही.

किनाऱ्याच्या रस्त्यावर दिवसाला ६० ते ८० किलोमीटर, त्याहून जास्त नाही. हे वाचून कमी वाटेल. पण या रस्त्यावर सरासरी वेग ताशी पंचवीस-तीसच्या वर जात नाही, वाटेत शहाळं प्यायला थांबायचं असतं, फेरीला रांग असते, आणि दुपारी तीनच्या आधी मुक्कामाच्या गावात पोचायचं असतं.

मुंबईहून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते, गाडी बोटीत घालून तासाभरात पलीकडे. सुंदर प्रवास आहे. पण गाडीचं भाडं पाहता डोंबिवली-ठाण्याच्या बाजूने येणाऱ्यांनी पनवेल, पेण, वडखळवरून अलिबागला जावं. पुण्याहून येणाऱ्यांनी ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून थेट दिवेआगर. अलिबागचा भाग मग गाळलात तरी चालेल.

पहिला दिवस: अलिबाग, नागाव, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद, मुरुड. काशीदला गर्दी असते, तिथे पोहून घ्या पण मुक्काम मुरुडच्या पुढे करा. जंजिरा सकाळीच बघा. राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात आणि उन्हं चढली की किल्ल्यात सावली सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून पहिली जंगलजेटी, पलीकडे दिघी, मग दिवेआगर. दिवेआगर हे गाव अंगणात राहण्यासाठी जणू बांधलेलं आहे. लांबच लांब सरळ रस्ता, दोन्हीकडे आगरं, म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि प्रत्येक आगरात एक विहीर. एक दिवस जास्तीचा असेल तर इथे दोन रात्री राहायला हरकत नाही. तिथून श्रीवर्धनला जाणारा शेखाडीचा रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की बाजूला बसणाऱ्याने काच खाली करून फक्त बघत राहावं. याच शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांसाठीची स्फोटकं उतरवली गेली होती. २००८ नंतर तर किनाऱ्यावरची गस्त आणखी वाढली. रात्री अनोळखी गाडी दिसली की पोलीस का थांबतात, ते यावरून कळेल. त्यांच्यावर चिडू नका. दोघांची ओळखपत्रं आणि गाडीचे कागद पुढच्या कप्प्यात, हाताशी ठेवा.

तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, बागमांडल्याची जंगलजेटी, पलीकडे वेसवी, आणि वेळास. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपण्याचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने सुरू केलं आणि गावाने ते आपलं केलं. साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत पिल्लं समुद्रात जाताना पाहायला मिळतात. गावात घरोघरी राहायची-जेवायची सोय आहे. रात्री वाळूवर टॉर्च मारू नका, गाडीचे दिवे समुद्राकडे रोखू नका. पिल्लं उजेडाच्या दिशेने वळतात आणि वाट चुकतात.

चौथा दिवस केळशी, आंजर्ले, हर्णै. अंतर थोडं, पण वळणं आणि चढ-उतार मन लावून चालवायला लावतात. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या देवळापाशी उभं राहून खाडी, बंदर, सुवर्णदुर्ग असं सगळं एका नजरेत येतं. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालतो. तिथे पाटीभर मासळी एका बोलीत जाते, दोघांना एवढी कशाला? लिलाव बघा, आणि शेजारी बसलेल्या मावशींकडून वाट्यावर बांगडे किंवा कोळंबी घ्या. ज्यांच्याकडे मुक्काम आहे त्यांना आधी विचारून ठेवा, कारण सगळ्या घरांत मासळी शिजत नाही. चालत असेल तर साफ करून नेऊन द्या. काकू त्याचं जे करतात ते कुठल्या हॉटेलात मिळत नाही.

पाचव्या दिवशी दाभोळ. उतार तीव्र आहे, पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच उतरा, नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवू नका. दाभोळ-धोपावे जंगलजेटीने पाव तासात पलीकडे. हीच बोट चुकली तर खेड-चिपळूणवरून शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणून शेवटची फेरी किती वाजता आहे ते तिकिटाच्या खिडकीवर फोन करून किंवा आदल्या फेरीवाल्यांना विचारून घ्या. धोपाव्याहून गुहागर जवळच. व्याडेश्वराचं देऊळ, मागे सरळसोट लांब किनारा. वेळ असला तर हेदवीची बामणघळ भरतीच्या वेळी जाऊन बघा. कातळातल्या अरुंद घळीत लाट शिरते आणि पाणी उंच उसळतं. कडेला जाऊ नका, कातळ शेवाळलेला असतो. सहाव्या दिवशी परतीचा रस्ता.

पुढचा अर्धा भाग, म्हणजे तवसाळ-जयगड, मालगुंड, आरे-वारे, रत्नागिरी, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ला, तो दुसऱ्या हिवाळ्यासाठी ठेवा. गोव्यात शिरलात तर एक लक्षात असू द्या: तिथे किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं यावर २०१९ पासून दंड आहे.

जंगलजेटीवर गाडी चढवताना

पहिल्यांदा छातीत धडधडतं. रांगेत थांबा, एकाने उतरून तिकीट काढा; गाडीचं आणि माणसांचं वेगळं असतं. बोटीवरचा माणूस हाताने खुणा करतो, फक्त त्याच्याकडे बघा, मागे ओरडणाऱ्या रिक्षावाल्याकडे नाही. काही वेळा उलटी गाडी चढवायला लावतात. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त ओला आणि जास्त तिरका असतो. अशा वेळी थांबत-थांबत न जाता पहिल्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने जा. आत गेल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. सिलिंडरची चावी घरून निघतानाच बंद असली पाहिजे. मग उतरून वर जाऊन उभे राहा. खाडीचा वारा आणि घारी, हा पाव तास गाडीत बसून घालवायचा नसतो.

भरती-ओहोटीचं गणित

हे प्रत्येक कोकणी माणसाला तोंडपाठ असतं, आपल्याला शिकावं लागतं. आजची तिथी बघा, तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा-सहाला. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दर दिवशी वेळ पाऊण तासाने पुढे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाणी जास्त चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, चढ-उतार कमी. हा अंदाज आहे; पोहायचं असेल तर गावातल्या कोळ्याला विचारूनच पाण्यात उतरा, आणि ओहोटी लागलेली असताना खोल जाऊ नका.

वाळूत गाडी घालू नका. घट्ट दिसणारी ओली वाळू चार पावलांवर भुसभुशीत होते, चाक रुततं, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. मित्रांची गाडी अशी अडकली तेव्हा ट्रॅक्टर मिळेपर्यंत पाणी दरवाजाला लागलं होतं. खाऱ्या पाण्याने तिचं वायरिंग गेलं. शिवाय त्याच वाळूत कासवांची घरटी असतात.

अंगण कसं मागायचं

दुपारी तीनच्या सुमारास गावात पोचा. आधी देऊळ किंवा किराण्याचं दुकान गाठा. काहीतरी विकत घ्या आणि तिथेच विचारा, ‘इथे घरगुती जेवण कोण देतं?’ जेवण देणाऱ्या घराला पाहुण्यांची सवय असते. दोघांनीही जा. एकट्या पुरुषाने बेड्यातून, म्हणजे आवाराच्या फाटकातून, आत जाऊन विचारणं आणि जोडप्याने विचारणं यात फरक पडतो. हाक मारा, आत शिरू नका. मग सरळ सांगा: ‘काकू, आम्ही दोघं डोंबिवलीहून आलोय. गाडीतच झोपतो. रात्रीपुरती आवारात गाडी लावली तर चालेल का? रात्रीचं जेवण आणि सकाळी अंघोळीला पाणी मिळालं तर बरं होईल. काय द्यायचं ते आधीच सांगा.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पैशांचं आधी बोललात तर दोन्हीकडचा संकोच जातो. आम्ही आवार, न्हाणीघर आणि संडास मिळून रात्रीचे २०० ते ४०० रुपये देतो, जेवण वेगळं. शाकाहारी ताट दीडशे-अडीचशे, मासळीचं त्याहून वर, मासळीच्या भावाप्रमाणे. घासाघीस करू नका. कुणी पैसे घेतच नसेल तर निघताना त्यांच्या घरची कोकमं, आंबा पोळी, कुळथाचं पीठ विकत घ्या. घरात वाटलेल्या ओल्या नारळाची सोलकढी, कुळथाची पिठी, गरम भात आणि वर साजूक तूप. मी चार वर्षांनीही एकेका घराची चव वेगवेगळी सांगू शकते.

गाडी लावताना वर बघा. माडाखाली कधीही नाही. सुकलेला नारळ किंवा झावळ रात्री पडते आणि छत चेपतं, माणसाच्या डोक्यावर पडला तर जीव जातो. फणसाखालीही नको. अंधारात अंगणात फिरताना पायाखाली टॉर्च धरा. कोकणात फुरसं नावाचा साप असतो, लहानसा आणि विषारी, दगडांच्या फटीत बसतो. चपला गाडीत घ्या, बूट असतील तर सकाळी झटकून घाला. रात्री दहानंतर गाणी नाहीत, आणि सरकता दरवाजा हळू ओढा. त्याचा आवाज शांत वाडीत चार घरं ऐकतात.

पाणी, संडास, अंघोळ

बायकांनी सफर रद्द करायचं खरं कारण हेच असतं, म्हणून स्पष्ट लिहिते. अंगणात मुक्काम असेल तर सकाळची सोय होते. दिवसा तालुक्याच्या गावचं एसटी स्टँड, मोठ्या देवस्थानाचं भक्तनिवास, पेट्रोल पंप. प्रश्न उरतो रात्रीचा. अनोळखी आवारात मध्यरात्री संडास शोधत जाण्यापेक्षा आम्ही घडीचा प्रवासी कमोड नेतो. त्यात जाड पिशवी आणि थोडा लाकडाचा भुसा. सकाळी पिशवीची गाठ मारून ती झाकणाच्या डब्यात, आणि शहरातल्या कचऱ्यात. वाळूत पुरायची नाही, सुरूच्या बनात टाकायची नाही. मासिक पाळीच्या दिवसांत निघायची तारीख आली तर तारीख चार दिवसांनी पुढे ढकला किंवा त्या दोन रात्री खोली घ्या. त्यात काटकसर करू नका.

पिण्याचं पाणी २० लिटरच्या नळ असलेल्या कॅनमध्ये. दोघांना पिणं, चहा आणि हात-तोंड मिळून दोन दिवस पुरतं. समुद्रात डुंबून आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुतल्याशिवाय बिछान्यावर बसू नका; फोममध्ये मीठ शिरलं की तो पुढे कधीच कोरडा वाटत नाही.

खर्च

डोंबिवलीहून अलिबाग, गुहागर आणि परत, आडवळणं धरून ७०० किलोमीटर होतात. सामानासकट ईको लिटरला १४ किलोमीटर देते असं धरलं तर ५० लिटर पेट्रोल, साधारण ५,२५० रुपये. सीएनजी असली तरी आडवाटेला ती मिळेल असं धरून चालू नका, आणि पेट्रोल तालुक्याच्या गावी अर्धी टाकी असतानाच भरा. जेवणखाण दिवसाला ९०० धरून सहा दिवसांचे ५,४००. पाच रात्रींचं आवार १,५००. तिन्ही जंगलजेट्या मिळून हजार धरा. किराणा आणि गॅस हजार, जंजिऱ्याची होडी, शहाळी आणि पंक्चर यांना दीड हजार. बेरीज १६ हजारांच्या आत राहते. पलंग-पडदे-पंख्यांचा एकदाच केलेला खर्च आमचा बारा हजारांपर्यंत गेला, तो यात धरलेला नाही. अडीअडचणीला पाच हजार रोख वेगळे ठेवा. डोंगराच्या कुशीतल्या गावांत मोबाइलला रेंज नसते, आणि रेंज नसली की फोनवरचे पैसेही नाहीत.

दोघांमधलं

एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने वाट बघायची आणि रोजची वही लिहायची: किती किलोमीटर, किती खर्च, कुणाचं अंगण, काय जेवलो. दोघांना चालवता येत असेल तर फेरीला फेरी अदलाबदल करा. एक नियम आम्ही काटेकोर पाळतो. दोघांतला एक जण ‘आता पुरे’ म्हणाला की दिवस तिथेच संपला, ठरलेलं गाव वीस किलोमीटरवर असलं तरी. दुसऱ्याने समजूत घालायची नाही. आणि रोज संध्याकाळी एक तास वेगवेगळा: नवरा किनाऱ्यावर चालायला जातो, मी पायरीवर बसून काकूंशी बोलते. एवढ्या लहान गाडीत तो तास लागतोच.

परत आल्यावर

दुसऱ्याच दिवशी गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून घ्या. खारी हवा पत्रा आतून खाते, विशेषतः दरवाजाच्या सरकपट्टीत. तिथे तेल सोडा. फोम उभा करून उन्हात दोन दिवस. फळ्या पुसून कोरड्या करून ठेवा. मग वही उघडा, ज्यांच्या अंगणात राहिलात त्यांना पोचल्याचा फोन करा, आणि काढलेले फोटो छापून पोस्टाने पाठवा. दिवेआगरच्या काकूंनी आमचा फोटो देवघराशेजारी लावला आहे. पुढच्या दिवाळीनंतर तोच नंबर पहिला लावायचा असतो.